सवाल बनवणारे शहर

पाटण्याला हवा पालटायला कुणी जात नाही. आमच्याकडची माणसे उत्तरेला निघाली की अजमेर, दिल्ली, आग्रा, फार तर लखनौ. त्यामुळे भाईजानांची बँकेतली बदली पाटण्याला झाली तेव्हा नातेवाइकांनी मुबारकबाद देण्याऐवजी खैरियतच विचारली. दोन वर्षे ते आम्हाला बोलवत होते. शेवटी या डिसेंबरात आम्ही दोघे आणि अकरावी विज्ञानाला असलेली आमची धाकटी असे तिघे दहा दिवसांसाठी जाऊन आलो.

भाईजानांचे घर सब्जीबागेत आहे. नावात बाग असली तरी झाड शोधावे लागते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कापडाची, अत्तराची, किताबांची दुकाने, मधे बाकरखानी आणि शीरमाल भाजणाऱ्या भट्ट्या. फजरच्या अजानीला धुके इतके दाट असते की समोरची मशीद दिसत नाही, नुसता आवाज येतो. सूर्य अकराच्या सुमारास उगवल्यासारखा करतो. तोवर घरोघरी मातीच्या भांड्यात निखारे घालून त्याभोवती माणसे बसलेली असतात. या भांड्याला इथे बोरसी म्हणतात. भाभीजान आता पक्क्या पाटण्याच्या झाल्या आहेत. पहिल्याच सकाळी त्यांनी बोरसीवर लिट्टी भाजून वांग्याच्या भरतासारख्या चोख्याबरोबर वाढली. लिट्टीत सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. आमच्या डाळ्याच्या पिठाचा हा थोरला भाऊ म्हणावा असा.

पण या शहरात नजरेत भरते ती वेगळीच गोष्ट. भिंत म्हणून मोकळी दिसत नाही. विजेच्या खांबावर, दवाखान्याच्या फाटकावर, पानाच्या टपरीच्या पाठीवर सगळीकडे फलक आहेत: गणित अमुक सर, भौतिकी तमुक सर, रसायन आणखी कुणी सर. मुसल्लहपूर हाट, भिखना पहाडी, महेंद्रू या भागांत तर गल्ल्याच्या गल्ल्या शिकवणी वर्गांनी आणि त्यांच्या जोडीने उभ्या राहिलेल्या ‘लॉज’नी भरल्या आहेत. लॉज म्हणजे हॉटेल समजू नये. दहा बाय दहाची खोली, दोन-तीन मुले, एक गॅस, भिंतीवर नकाशा आणि दोरीवर वाळत घातलेली गमछे. दरभंगा, किशनगंज, सिवान, गया, कुठून कुठून मुले इथे येऊन राहतात. कुणाला रेल्वेत लागायचे आहे, कुणाला पोलिसात, कुणाला डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे आहे. फलकांवर यशस्वी मुलांचे चेहरे पासपोर्ट फोटोसारखे ओळीने छापलेले असतात. ज्यांचे चेहरे लागले नाहीत त्यांची गिनती कुठल्याच फलकावर नसते, हेही खरे. आम्ही ते फलक जरा धास्तीनेच वाचत होतो.

धास्तीचे कारण आमच्याच पिशवीत होते. धाकटीने सोबत भौतिकशास्त्राची वही आणली होती आणि तिच्यात सुट्टीसाठी दिलेल्या गणितांपैकी बारा गणिते कोरी होती. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. विज्ञानाची आवड मोठी, मार्कही चांगले. अकरावीत गेल्यावर पुस्तक एकदम इंग्रजीत आले. कालपर्यंत ज्याला त्वरण म्हणत होती ते रातोरात ॲक्सलरेशन झाले आणि घर्षणाचे फ्रिक्शन. शिकवणी लावली, तिथे एका वर्गात ऐंशी मुले. शंका तास संपल्यावर विचारा, असे सांगतात आणि तास संपला की पुढच्या वर्गाची ऐंशी मुले दारात उभी असतात. घरात विचारावे तर आम्हा दोघांत विज्ञान शिकलेले कुणी नाही. मोबाइलवर गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसह समोर येते, तेही तिने करून पाहिले. वही भरली, डोके तसेच राहिले. सहामाहीचे गुण आले तेव्हा ती स्वतःच म्हणाली, “अम्मी, मी आर्ट्सला बदली करून घेऊ का?” खानदानातल्या मोठ्यांनाही ते सोयीचेच वाटले. मुलीची जात, घरी बसून बी.ए. होईल, असा सूर होता. फैसला पाटण्याहून परतल्यावर करायचा, असे ठरवून आम्ही निघालो होतो.

भाईजानांच्या वरच्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहतात. त्यातली एक किशनगंजची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खालच्या गल्लीतल्या शाळकरी मुलांना शिकवून खोलीभाडे काढते. दुसऱ्या दिवशी ती सत्तू मागायला खाली आली तेव्हा धाकटी वही उघडून रडवेली बसली होती. तिने वाकून पाहिले आणि विचारले, “क्या हुआ, सवाल नहीं बन रहा है?”

आम्हाला आधी वाटले, काहीतरी ऐकण्यात चूक झाली. मग कळले की बिहारमध्ये गणित सोडवत नाहीत, ‘बनवतात’. मराठीत आपण गणित ‘सोडवतो’, जणू कुणी दोराच्या गाठीत अडकलेय. उर्दूत ‘हल’ करतो आणि अरबीत हल्ल म्हणजेही गाठ सोडणेच. इथे मात्र सवाल बनवला जातो, रोटी बनावी तसा, खाट बनावी तसा. बोलणारा एकटा असला तरी ‘मैं’ कुणी म्हणत नाही. “हमसे नहीं बना,” असे म्हणतात. आम्हाला ही बोली फार आवडली. न बनलेला सवाल एकट्याच्या माथी पडत नाही.

दुपारी ऊन पडल्यावर सगळे गच्चीवर गेलो. भाभीजान प्लास्टिकच्या चटईवर मटार सोलायला बसल्या होत्या. बाजी (धाकटी तिला पहिल्याच दिवसापासून बाजी म्हणू लागली) वही घेऊन बसली. पहिलेच गणित नदीचे होते. नदीची रुंदी १ किलोमीटर, प्रवाह ताशी ३ किलोमीटर, साचलेल्या पाण्यात नावेचा वेग ताशी ५ किलोमीटर. कमीत कमी वेळात पलीकडे जायचे तर किती मिनिटे लागतील आणि अगदी समोरच्याच ठिकाणी पोहोचायचे तर किती? मोबाइलने दोन उत्तरे दिली होती, १२ मिनिटे आणि १५ मिनिटे. धाकटीने ती उतरवूनही घेतली होती. एकाच नदीला दोन उत्तरे का, हे तिला उमगत नव्हते.

बाजीने उत्तराकडे पाहिलेच नाही. ती म्हणाली, “पहले बताओ, दिया क्या है और माँगा क्या है?” धाकटीने वाचून दाखवले. “अब चित्र बनाओ.” चित्र आले. मग बाजीने विचारले, नावेचे तोंड सरळ समोर ठेवले आणि प्रवाह आणखी जोराचा झाला, तर पलीकडे जायला वेळ जास्त लागेल की कमी? धाकटी म्हणाली जास्त. भाभीजान म्हणाल्या जास्त. आम्हीही म्हणालो जास्त. जोराच्या पाण्यात वेळ लागणारच, यात विचारायचे काय?

तेव्हा बाजीने घरमालकाच्या नातवाची चावीची मोटार मागवली. चटईवरचे मटार बाजूला झाले. मोटार चटईच्या एका कडेवरून समोरच्या कडेकडे सोडली आणि आम्हाला मोजायला सांगितले. सहा आकडे झाले. मग पुन्हा चावी दिली, मोटार तशीच सरळ सोडली, मात्र या वेळी तिने चटई एका टोकाला धरून हळूहळू बाजूला ओढायला सुरुवात केली. मोटार चटईबरोबर सरकत गेली, भलतीकडेच निघाली, तरी पलीकडची कडा तिने सहाव्याच आकड्याला गाठली. चटई जोरात ओढली तेव्हाही सहाच. मोटार फक्त आणखी लांब जाऊन उतरली.

धाकटी बराच वेळ चटईकडे पाहत राहिली. मग स्वतःच बोलू लागली. म्हणजे नदी ओलांडायचे काम नावेच्या ५ चे. प्रवाहाचे ३ तिला फक्त बाजूला नेतात. १ किलोमीटरला ताशी ५ ने १२ मिनिटे, आणि त्या १२ मिनिटांत नाव ६०० मीटर खाली वाहून जाणार. बाजी म्हणाली, “हाँ. और ठीक सामने उतरना हो तो?” त्यावर मुलगी अडली. बाजी उठली आणि म्हणाली, याचे उत्तर गच्चीवर नाही, घाटावर जाऊन बघा.

पाटण्याचा अशोक राजपथ हा रस्ता गंगेला समांतर धावतो. नदीच्या बाजूला एकापाठोपाठ एक शिक्षणाची ठिकाणे आहेत: १८६३ चे पटना कॉलेज, १९२७ चे सायन्स कॉलेज, एन.आय.टी. त्यांच्या पाठीमागे घाट. रविवारी सकाळी आम्ही पटना कॉलेजच्या मागच्या घाटांकडे गेलो तर धुक्यात पायऱ्या माणसांनी भरलेल्या. शेकडो मुले, काही मुलीही, स्वेटर-मफलर गुंडाळून, मांडीवर पुठ्ठा आणि त्यावर प्रश्नपत्रिका. रेल्वे आणि इतर सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची तयारी करणारी ही मुले शनिवार-रविवारी इथे जमून पेपर सोडवतात आणि मग आपसांत उत्तरे पडताळतात. २०२२ साली या घाटाचा फोटो देशभर फिरला होता. फोटोत आवाज नसतो. पेपर संपल्यावर जी कुजबुज सुरू होते आणि वाढत वाढत जिचा गलका होतो, ती ऐकण्यासारखी आहे. “तुम्हारा कितना आया?” “कैसे आया?” कितना पेक्षा कैसे जास्त वेळा ऐकू येत होते. एक मुलगा उभा राहून हवेत बोटाने त्रिकोण काढून समजावत होता आणि त्याच्याभोवती बसलेल्या सहा जणांपैकी दोघे त्याच्याशी भांडत होते. सर म्हणावे असे त्या घोळक्यात कुणी नव्हते.

तिथून पुढे गांधी घाटावर आलो. पूर्वेला महात्मा गांधी सेतू पुसटसा दिसत होता. १९८२ मध्ये खुला झालेला हा पूल पावणेसहा किलोमीटर लांब आहे, त्यावरून या नदीच्या पसाऱ्याचा अंदाज करावा. घाटावरून नावा पलीकडच्या दियाऱ्यात, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवर, गवत आणि भाजी आणायला जातात. एक नाव सुटली. समोर जायचे तर तोंड समोर हवे, पण नावाड्याने तोंड तिरके, प्रवाहाच्या उलट दिशेला वळवले. नाव तोंड एकीकडे करून दुसरीकडेच चालली होती, कुणाची नजर चुकवून निघाल्यासारखी. धाकटीने परतलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारले की तोंड तिकडे का ठेवता. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “सीधा रखेंगे तो उतरेंगे कहाँ?”

पायरीवर बसून तिने वही उघडली. नावेच्या ५ पैकी ३ प्रवाहाशी बरोबरी करण्यात खर्च होतात. मग ओलांडायला उरले किती? ५ मधून ३ वजा करून २, असे तिने लिहिले आणि खोडले. त्रिकोण काढला. तिरकी बाजू ५, एक बाजू ३, तर उरलेली बाजू ४. पायथागोरसचा तोच ३-४-५ चा त्रिकोण, जो सातवी-आठवीपासून ती गिरवत आली होती आणि जो नदीत भेटेल असे तिला कधी वाटले नव्हते. ताशी ४ ने १ किलोमीटर म्हणजे १५ मिनिटे. तोंड सरळ रेषेपासून सुमारे ३७ अंश वर वळवायचे. एका नदीची दोन उत्तरे होती, कारण दोन वेगळे प्रश्न विचारले होते. ही गोष्ट मोबाइलने सांगितली नव्हती असे नाही. त्याच्या पायऱ्यांत सारे होते. पण “उतरेंगे कहाँ” हे विचारायला तिथे कुणी नव्हते.

त्या ३७ अंशांना आणखी एक शेपूट आहे आणि ते आम्हाला खुदाबख्श लायब्ररीत सापडले. अशोक राजपथावरच ही इमारत आहे. छपऱ्याकडच्या मौलवी मुहम्मद बख्श यांना हस्तलिखितांचा शौक होता. मरताना त्यांनी आपला संग्रह मुलाच्या हवाली केला आणि तो सर्वांसाठी खुला करण्याची वसीयत केली. खुदाबख्श वकील होते. त्यांनी संग्रह वाढवत नेला आणि १८९१ मध्ये सुमारे चार हजार हस्तलिखितांसह ग्रंथालय लोकांसाठी उघडले. तैमूर घराण्याचा सचित्र इतिहास ‘तारीखे-खानदाने-तैमूरिया’ याची जगातली एकमेव ज्ञात प्रत इथे आहे. १९०८ मध्ये ते वारले. त्यांची कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे, फातिहा पढून आम्ही आत गेलो.

आवारातच कर्झन रीडिंग रूम आहे. बाहेरून ऐतिहासिक वास्तू, आत स्पर्धा परीक्षेची मुले. टेबलावर डोके खाली घालून शंभर वर्षांपूर्वीच्या छताखाली रेल्वेच्या भरतीची तयारी चालली होती. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या उड्डाणपुलासाठी या वाचनकक्षाचा भाग पाडण्याची योजना आली होती, तेव्हा शहरातले लोक विरोधाला उभे राहिले आणि कक्ष वाचला. हस्तलिखिते पाहायला परदेशातून माणसे येतात हे खरे, पण रोज सकाळी दार उघडायची वाट पाहत उभी असतात ती लॉजमधली मुले. लॉजच्या खोलीत तिघांमध्ये एक टेबल, इथे प्रत्येकाला एक खुर्ची आणि शांतता. खुदाबख्शांच्या वडिलांच्या वसीयतीचा हा अर्थ त्यांना अपेक्षित होता की नाही कोण जाणे, आम्हाला मात्र तो पुरेपूर वाटला.

तर ते शेपूट. नावेचे तोंड किती वळवायचे ते ‘साइन’ने काढतात, ३ भागिले ५. धाकटीने भाईजानांना विचारले, या साइनचा अर्थ काय? भाईजान बँकेत असले तरी वाचन दांडगे. ते म्हणाले, “तुझ्या कुर्त्याचा खिसा.” मग त्यांनी सांगितले ते असे. याच शहराचे जुने नाव पाटलिपुत्र आणि त्याचेच दुसरे नाव कुसुमपूर मानतात. त्या कुसुमपूरचा उल्लेख करणाऱ्या आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आपला ग्रंथ लिहिला तेव्हा वय होते २३. त्यात त्याने कोनाच्या या मापासाठी ज्या म्हणजे धनुष्याची दोरी हा शब्द वापरला आणि एका श्लोकात तिचे २४ फरक बसवले. हे ज्ञान अरबीत गेले तेव्हा ‘ज्या’चे ‘जीबा’ झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणाऱ्यांनी ते ओळखीच्या शब्दासारखे ‘जैब’ वाचले. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळ्याजवळची पोकळी. आपण बोलण्यात ‘जेब’ म्हणतो ते हेच. बाराव्या शतकात युरोपात अरबी ग्रंथांचे लॅटिन भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकारांनी जैबचा अर्थ बघून ‘सायनस’ लिहिले. त्याचे साइन झाले आणि इंग्रजी पुस्तकातून ते आमच्या नगर जिल्ह्यातल्या मुलीच्या वहीत आले. भाभीजान म्हणाल्या, “एवढा फेरा मारून आलेय, तर जरा प्रेमाने शिक.”

पुस्तकांची गोष्ट निघालीच आहे तर नया टोल्याबद्दल सांगायला हवे. तिथे नवी-जुनी पुस्तके विकणारी दुकाने खचाखच लागून आहेत. हरिश्चंद्र वर्मा यांचे ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हे दोन भागांतले पुस्तक विज्ञानाच्या मुलांच्या घरी असतेच, आमच्या धाकटीच्याही शिकवणीत त्याचे नाव रोज घेतले जाते. ते पुस्तक पाटण्याचे आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. वर्मा दरभंग्याचे, शिकले पाटण्याच्या सायन्स कॉलेजात आणि १९८० पासून १९९४ पर्यंत तिथेच शिकवत होते. पुस्तक १९९२ मध्ये पाटण्याच्याच भारती भवनने काढले. पुढे ते आय.आय.टी. कानपूरला गेले, २०१७ मध्ये निवृत्त झाले, त्यांना पद्मश्री मिळाली. पण जे पुस्तक देशभर पोहोचले ते याच घाटांच्या पलीकडच्या वर्गखोल्यांत, अशाच अडलेल्या मुलांसमोर उभे राहून शिकवणाऱ्या माणसाने लिहिले आहे.

दुकानदाराने विचारले, हिंदी की अंग्रेजी? हिंदीतही आहे, ‘भौतिकी की समझ’ नावाने. धाकटीने सहज उघडून पाहिले आणि उभ्या उभ्या चार पाने वाचून काढली. वेग, चाल, त्वरण, बल, घर्षण, विस्थापन, संवेग, तिच्या दहावीच्या मराठी पुस्तकातले सगळे शब्द जसेच्या तसे! आपल्याकडे भिंग, तिथे लेन्स, असा कुठे कुठे फरक, बाकी ओळखीचे घर. आमच्या नात्यातली उर्दू माध्यमाची मुले त्वरणाला ‘इसराअ’ म्हणतात आणि संवेगाला ‘मेयारे-हरकत’, त्यांना ही सोय नाही, पण मराठी शाळेतून आलेल्या मुलांना ही वाट कुणी दाखवत का नाही? इंग्रजी पुस्तक तर ठेवायचेच, परीक्षा त्यातच आहे. शेजारी हिंदी ठेवले तर अर्थ एकीकडून आणि शब्द दुसरीकडून घेता येतो. आम्ही पहिला भाग घेतला. जुनी प्रत, पहिल्या पानावर आधीच्या मालकाच्या अक्षरात पेन्सिलने अवघड गणितांचे आकडे लिहिलेले. धाकटीला ते आकडे पुस्तकापेक्षा मोलाचे वाटले. आपण जिथे अडणार तिथे आधी कुणीतरी अडले होते!

पाटण्यातल्या दोन नावांविषयी आपल्याकडेही ऐकलेले असते. आनंदकुमार यांच्या ‘सुपर ३०’वर सिनेमाच निघाला. २००२ पासून दरवर्षी गरिबाघरची तीस मुले निवडून त्यांना आय.आय.टी.साठी तयार करायचे आणि त्यांच्या आईने त्या मुलांना रांधून वाढायचे, अशी ती सुरुवात. आम्हाला त्यांच्या विद्यार्थीदशेतली गोष्ट जास्त लागून राहिली. गणिताची परदेशी नियतकालिके पाटण्यात मिळत नसत म्हणून हा मुलगा आठवड्याच्या शेवटी रेल्वेने बनारसला जाई, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाची आणि सोमवारी परते.

दुसरे नाव ‘रहमानी ३०’. मौलाना मुहम्मद वली रहमानी साहेबांनी २००८ मध्ये ती सुरू केली. मुंगेरच्या खानकाहचे हे बुजुर्ग, आणि त्यांच्या जोडीला भौतिकशास्त्र शिकवणारे पोलीस अधिकारी अभयानंद, जे पुढे बिहारचे पोलीस महासंचालक झाले. मौलाना आणि पोलीस अधिकारी मिळून मुस्लिम मुलांना आय.आय.टी.ची गणिते घालताहेत, हे चित्रच किती दिलासा देणारे आहे. पहिल्या तुकडीत दहा मुले होती, २००९ च्या परीक्षेत दहाही उत्तीर्ण झाली. मुलांनी एकत्र बसून आपसांत चर्चा करत प्रश्न सोडवणे, हा तिथल्या पद्धतीचा गाभा आहे. मौलाना २०२१ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. काम चालू आहे, आपल्या औरंगाबादेतही त्यांचे केंद्र निघाले.

पण प्रत्येक गावात रहमानी ३० निघणार नाही आणि प्रत्येक मुलाला आय.आय.टी.त जायचेही नसते. आमच्या मुलीला तर नुसती अकरावी समजून घ्यायची होती. त्यासाठी लागले काय? एक चटई, एक चावीची मोटार आणि रोज दुपारी तासभर शेजारी बसणारी वीस वर्षांची मुलगी. बाजीने दहा दिवसांत एकही उत्तर सांगितले नाही. धाकटी चिडायची. एकदा तर वही आपटून खाली आली. बाजीही मागे आली नाही. संध्याकाळी धाकटीच चहाचा कप घेऊन वर गेली. आम्ही बाजीला फी विचारली तेव्हा ती म्हणाली, “हमको भी कोई बताया था.” भाभीजानांनी तिच्या डब्यात गोश्ताचे सालन आणि आम्ही नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली, ती मात्र तिने लगेच घेतली.

आमच्या मोहल्ल्यात मदरशाचा हॉल दुपारी दोननंतर रिकामा असतो. आमच्याच गल्लीत एक मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मशिदीपलीकडच्या घरातली सून बी.एस्सी. गणित आहे, हे आम्हाला वर्षानुवर्षे माहीत आहे. पाटण्याच्या गच्चीवर बसून आम्ही दोघांनी मोजायला घेतले तर अशी सात माणसे निघाली. इन्शाअल्लाह, रमजानपूर्वी त्यांच्याशी बोलायचे ठरवले आहे. आर्ट्सचा विषय दहा दिवसांत कुणी काढला नाही, धाकटीनेही नाही. तिच्या बारापैकी नऊ गणिते बनली. तीन अजून कोरी आहेत आणि त्यातले एक बाजीलाही बनलेले नाही. ती म्हणाली, कॉलेज उघडल्यावर सरांना विचारते, मग फोन करते.

परतीच्या गाडीत पलीकडच्या बाकावर आऱ्याला उतरणारा सातवी-आठवीतला एक मुलगा बापासोबत बसला होता. शोण नदीवरचा कोईलवरचा पूल जवळ आला. १८६२ मध्ये खुला झालेला हा पूल, आता स्वातंत्र्यसेनानी प्रोफेसर अब्दुल बारींच्या नावाने ओळखला जातो, लांबी १,४४० मीटर. वर रेल्वे, खाली मोटारी. भाईजानांनी ही लांबी निघताना धाकटीला मुद्दाम सांगून ठेवली होती. खिडकीबाहेर पहिली लोखंडी कमान आली तशी तिने घड्याळ लावले, शेवटची गेली तेव्हा ९६ सेकंद झाले होते. म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किलोमीटर. तिने मोठ्याने सांगितले. मुलगा लगेच म्हणाला, “गलत है दीदी. गाड़ी का लंबाई जोड़बे नहीं किए.” शाळेत त्याने पूल ओलांडणाऱ्या गाडीची गणिते केली होती, त्यात गाडीची लांबी मिळवावीच लागते. तो अडून बसला, त्याचा बापही त्याच्या बाजूने झाला. धाकटी त्याच्याकडे सरकली, वहीचे मागचे पान उघडले आणि पेन्सिल त्याच्या हातात देऊन म्हणाली, “चित्र बनाओ. और ये बताओ, हम लोग कहाँ बैठे हैं?”